पैसा ग्वाल्हेरचा, भोंगा कुणाचा?

१९०७ च्या ऑगस्टमध्ये टाटांची पोलाद कंपनी मुंबईत नोंदली गेली. लंडनच्या सावकारांनी हात आखडता घेतल्यावर टाटांनी देशातच भांडवल उभं करायचं ठरवलं आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी शेअर घेऊन ते उभं करून दिलं. इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. कारखाना उभारायचा पैसा आला, पण तो चालवायला खेळतं भांडवल हवं होतं. त्यासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, तेव्हा ते सगळेच्या सगळे एकाच माणसाने उचलले. तो माणूस म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. वय जेमतेम तिशीच्या आसपास. पौंडाला पंधरा रुपये या त्या वेळच्या भावाने ही रक्कम साठ लाख रुपये होते.

पोलादाची पहिली लगड १९१२ साली बाहेर पडली, ती साकचीत. त्या गावाचं पुढे जमशेदपूर झालं. कारखान्याभोवती वसाहत, दवाखाना, शाळा, सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं, सगळं तिथे वाढलं. ग्वाल्हेरला व्याज मिळालं. यात महाराजांची चूक काढण्यासारखं काही नाही, कारण लोखंडाची खाण आणि कोळसा जिथे, तिथेच पोलाद होणार. पण गुंतवणूक आणि प्रदेशाचा विकास या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो, त्या एकाच ठिकाणी घडतात असं नाही, हे ग्वाल्हेरइतकं स्पष्ट फार थोड्या शहरांत दिसतं.

ग्वाल्हेर दरबाराकडे पैसा नव्हता असा काळ फारसा सापडत नाही. जयाजीराव शिंद्यांनी १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला पंचाहत्तर लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढेच. १८८६ मध्ये ते वारले, तेव्हा वारस माधवराव नऊ वर्षांचे होते. दुसऱ्याच वर्षी साचवलेल्या खजिन्यातून साडेतीन कोटी रुपये हिंदुस्थान सरकारला कर्ज म्हणून गेले. म्हणजे पैसा होता, तो व्याजही कमवत होता, फक्त तो कुठे लागावा हे ठरवणारं धोरण संस्थानाकडे नव्हतं. जयाजीरावांच्या कर्जाने निदान एक काम केलं. मुख्य रेल्वेमार्ग ग्वाल्हेरवरून गेला. ज्या गावांवरून आगगाडी गेली नाही त्यांचं पुढे काय झालं, हे चंबळच्या खोऱ्यातल्या कितीतरी जुन्या पेठा सांगतील.

१८९४ मध्ये पूर्ण अधिकार हातात आल्यावर माधवरावांनी धोरण आखायला घेतलं, आणि ते हौशी माणसाच्या पद्धतीने आखलं. त्यांना आगगाड्यांचा नाद होता. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची गाडी आजही पाहुण्यांना दाखवतात. मात्र याच नादातून ग्वाल्हेर लाइट रेल्वेही निघाली. रुळांतलं अंतर अवघं दोन फूट. १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरीकडे गाड्या सुरू झाल्या आणि १९०९ पर्यंत तिसरा फाटा सबलगडवरून थेट श्योपुरला पोचला. हा फाटा सुमारे दोनशे किलोमीटरचा. त्या काळी एवढ्या आडवळणाच्या मुलखात, आपल्या खर्चाने, लोकांसाठी एवढी रेल्वे टाकणारे संस्थानिक फार नव्हते.

दोन फुटांची निवड का केली? स्वस्त पडते म्हणून. माती कमी खणावी लागते, पूल अरुंद चालतात, इंजिन हलकं चालतं. त्या वेळी हा हिशेब बिनचूक होता. पण मुख्य मार्ग साडेपाच फुटी. श्योपुरचं धान्य, लाकूड, गोंद ग्वाल्हेरला आलं की एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचं. ही हमाली मालाच्या किमतीवर चढत राहिली. शिवपुरीचा फाटा पुढे बंद पडला. भिंडचा रुंद झाला आणि २०१६ मध्ये इटाव्याला जोडला गेला. श्योपुरची छोटी गाडी मात्र २०२० च्या टाळेबंदीपर्यंत, छतावर माणसं घेऊन, धापा टाकत चालू होती. आता तिथे रुंद रूळ पडत आहेत. १९०९ ते २०२० म्हणजे एकशे अकरा वर्षं झाली. त्या वेळी वाचवलेल्या काही लाखांची किंमत एका जिल्ह्याने इतकी वर्षं मोजली. अर्थशास्त्रज्ञ अशा गोष्टीला भारदस्त नाव देतात. श्योपुरचा व्यापारी तिला नुसती हमाली म्हणत असे.

माधवरावांच्या बाकीच्या उद्योगांची यादी लांब आहे. चिनीमातीची भांडी, गालिचे, चामड्याचं लष्करी सामान, इंजिनिअरिंग वर्कशॉप. काही चाललं, काही दरबाराच्याच खरेदीवर तगलं. १९०५ मध्ये त्यांनी गुरांची जत्रा म्हणून मेळा भरवला, तोच आजचा ग्वाल्हेरचा व्यापार मेळा. पाण्यासाठी तिघ्रा धरण बांधलं. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते फुटलं, कारण पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरलं होतं. ते पुन्हा बांधलं गेलं आणि शहर अजून त्याचंच पाणी पितं. खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे पुढे तिघ्र्यालाही बसले, ही पुणेकरांना आवडेल अशी माहिती.

मुंबईशी असलेला धागा तर आणखी गंमतीचा आहे. पहिल्या महायुद्धात दरबाराने एक जुनी प्रवासी बोट विकत घेऊन तिचं इस्पितळी जहाज केलं होतं. नाव ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजींना साथीला घेऊन ते विकत घेतलं आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं. त्या तारखेला आपण राष्ट्रीय नौवहन दिन पाळतो. कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या संस्थानाचं घराणं असं गोदीत जाऊन पोचलं. दरबाराचे आर्थिक सल्लागार होते मुंबईचे एफ. ई. दिनशा. ग्वाल्हेरजवळ बाणमोरला सिमेंटचा कारखाना उभा राहिला, आणि ती ग्वाल्हेर सिमेंट कंपनी १९३६ मध्ये इतर कंपन्यांबरोबर एसीसीत विलीन झाली. पुन्हा तेच झालं. चुनखडी इथली, आणि निर्णय मुंबईच्या कचेरीत.

याला खरा अपवाद म्हणजे बिर्ला. घनश्यामदास बिर्लांनी १९२१ मध्ये ग्वाल्हेरला कापडगिरणी काढली. कागदोपत्री जियाजीराव कॉटन मिल्स, गावाच्या तोंडी जेसी मिल. कलकत्त्यात बसणाऱ्या मारवाडी उद्योजकाने इथे का यावं? महाराजांनी बोलावलं, जागा दिली, हे एक कारण. दुसरं कारण हिशेबाचं आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातला प्राप्तिकर संस्थानांना लागू नव्हता. मुंबईच्या गिरणीमालकाच्या नफ्यातून सरकार जे घेई, ते इथल्या मालकाकडे राहत होतं. आज ज्याला आपण ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ म्हणतो, तसं अख्खं संस्थानच होतं म्हणा ना. शिवाय तक्रार घेऊन जायचं ठिकाण एकच होतं आणि ते गावातच होतं.

गिरणीच्या पाठोपाठ बिर्लानगर वाढलं. १९४३ मध्ये यंत्रं बनवणारी सिमको आली. २५ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला दहा दिवस झाले असताना, ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनी नोंदली गेली. आता या तिघांकडे एकत्र बघा. सूत-कापडाची गिरणी, कापडयंत्रांचा कारखाना, रेयॉनचं विणकाम. एकाचा फिटर दुसऱ्याच्या कामाला येतो, एकाची भट्टी दुसऱ्याचा सुटा भाग ओतून देते, तिघांच्या पाळ्यांवर हजिरा भागातल्या खानावळी, सायकलवाले, शिंपी जगतात. तानसेनाच्या समाधीच्या परिसरात गिरणीचे भोंगे वाजत होते तो काळ शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत अजून आठवणीने सांगतात. फाळणीनंतर सक्करहून आलेल्या मंघाराम कुटुंबाची बिस्किटंही याच सुमारास ग्वाल्हेरहून देशभर जाऊ लागली. त्यांचे चित्रांचे पत्र्याचे डबे कितीतरी आज्यांनी सुईदोऱ्यासाठी जपून ठेवले होते.

मग तीन गोष्टी एकामागून एक घडल्या, आणि तिन्ही धोरणाच्याच.

पहिली राजकीय होती. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. ग्वाल्हेर हिवाळ्याची राजधानी, इंदूर उन्हाळ्याची. आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. समजूत घालण्यासाठी ग्वाल्हेरला महालेखापाल, महसूल मंडळ, परिवहन आयुक्त, आबकारी आयुक्त, भू-अभिलेख आयुक्त अशी कार्यालयं मिळाली, उच्च न्यायालयाचं खंडपीठ मिळालं. दरबारी नोकरीवर उभ्या असलेल्या मध्यमवर्गाला, त्यात मराठी कुटुंबं आलीच, या कार्यालयांनी तारलं. शहराचा बाज मात्र तेव्हापासून कारकुनी झाला. फाइल इथे येते, शेरा इथे पडतो, धोरण भोपाळला ठरतं.

दुसरी गोष्ट कराची. १ एप्रिल १९५० पासून केंद्राचा प्राप्तिकर जुन्या संस्थानी मुलखालाही लागू झाला. सुरुवातीला थोड्या सवलतीने, मग सगळीकडे सारखा. एका देशात हे व्हायलाच हवं होतं. पण ज्या आकर्षणावर उद्योग इथे आले होते ते संपलं आणि त्याच्या जागी दुसरं कुणी काही ठेवलं नाही. बिर्लांनीही पुढचा मोठा डाव इथे मांडला नाही. रेयॉनचा धागा काढायचा कारखाना १९५४ मध्ये नागद्याला, चंबळच्या काठी गेला. लगद्याचा कारखाना १९६३ मध्ये केरळात मावूरला गेला. त्यासाठी करार कुणी केला? १९५८ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट सरकारने, तोही बांबू नाममात्र दराने देऊन! कारखाना हवा असला की सरकारचा रंग आड येत नाही. मावूरचे लोक त्या कारखान्याला ‘ग्वाल्हेर रेयॉन्स’ म्हणत. तो २००१ मध्ये कायमचा बंद झाला. कंपनीच्या ‘ग्वाल्हेर सूटिंग’ या कापडाच्या जाहिरातींत क्रिकेटपटू पतौडी दिसत. १९८६ मध्ये कंपनीचं नाव ग्रासिम झालं आणि गावाचं नाव आद्याक्षरात जाऊन बसलं. तिचं नोंदणीकृत कार्यालय नागद्याला आहे.

तिसरी गोष्ट कापडधोरणाची, आणि महाराष्ट्राच्या वाचकाला ती ओळखीची वाटेल. पन्नाशीच्या दशकात सरकारने हातमागाला वाचवायचं म्हणून गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली. गिरणीच्या कापडावर अबकारी कर जास्त, हातमागाच्या कापडावर कमी किंवा नाही. हेतू चांगला होता. पण मधल्या जागेत यंत्रमाग शिरला. त्याला हातमागाच्या सवलती मिळाल्या आणि गिरणीची गतीही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी वाढली ती या फटीतून. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपात कोसळल्या असं आपण म्हणतो, पण पोखरल्या त्याआधीच गेल्या होत्या. मुंबईच्या गिरण्या ज्यामुळे खंगल्या तेच ग्वाल्हेरलाही लागलं. फरक इतकाच की मुंबईचा यंत्रमागवाला आपल्याच राज्यात होता. मुंबईचं नुकसान निदान काही अंशी इचलकरंजीने भरून काढलं. ग्वाल्हेरच्या आसपास ते भरून काढणारं कुणी नव्हतं.

परवाना-राज्यात मोठ्या घराण्याला विस्ताराची परवानगी मिळणं अवघड होतं, ती मिळाली तरी कुठे टाकायचा कारखाना हे दिल्ली सांगे. आदित्य बिर्लांनी १९६९ मध्ये थायलंडमध्ये कापडउद्योग काढला तो उगाच नाही. १९७६ नंतर मोठा कारखाना बंद करायलाही सरकारची परवानगी लागू लागली. कामगारांचं रक्षण हा उद्देश होता. प्रत्यक्षात अनेक गिरण्यांच्या मालकांनी नवं यंत्र घ्यायचं थांबवलं, विजेची बिलं थकवली आणि गिरणी हळूहळू विझू दिली. जेसी मिलचा भोंगा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबला. कामगारांच्या देण्यांचा वाद त्यानंतर कितीतरी वर्षं चालला. बंद पडलेल्या गिरणीत जमीन हीच सगळ्यात मोलाची मालमत्ता उरते, आणि मग जो तो जमिनीकडेच बघतो. परळ-लालबागला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता मालनपूर. ग्वाल्हेरहून भिंडच्या रस्त्याने निघालं की वीसेक किलोमीटरवर जिल्ह्याची हद्द लागते, आणि ती ओलांडताच कारखाने सुरू होतात. हद्दीच्या अलीकडे का नाहीत? कारण सवलत जिल्ह्याला होती. केंद्राने मागास जिल्ह्यांतल्या कारखान्यांना भांडवली अनुदान द्यायला १९७१ मध्ये सुरुवात केली. १९८३ पासून जिल्ह्यांच्या तीन श्रेणी झाल्या. ज्या जिल्ह्यात उद्योगच नाही तिथे गुंतवणुकीच्या पंचवीस टक्के, कमाल पंचवीस लाख रुपये, आणि बाकी दोन श्रेणींत पंधरा आणि दहा टक्के. शिवाय राज्याची विक्रीकरमाफी. भिंड हा मागास जिल्हा होता. उद्योजकाला जागा हवी होती भिंडच्या कागदावर आणि राहायला, शाळेला, दवाखान्याला ग्वाल्हेर. मालनपूर त्या रेघेवरच वसलं.

भिंडबद्दल एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९८३ च्या फेब्रुवारीत फूलनदेवीने बंदूक खाली ठेवली ती भिंडमध्ये. त्याच जिल्ह्यात १९८९ मध्ये कॅडबरीचा कारखाना चॉकलेट करू लागला. बागी आणि बोर्नव्हिटा यांच्यामध्ये सहाच वर्षं. पाठोपाठ गोदरेजचा साबण, एसआरएफचा टायरमधला नायलॉन धागा, सूर्या रोशनीचे दिवे, हॉटलाइनच्या पिक्चर ट्यूब. त्या वर्षांत ग्वाल्हेरचे खासदार दुसरे माधवराव शिंदे होते, आजोबांच्या मुलखातले, म्हणजे पहिल्या माधवरावांचे नातू, आणि १९८६ ते १९८९ ते रेल्वेचे राज्यमंत्री होते. सिथौलीचा रेल्वे स्प्रिंग कारखाना त्याच काळातला. १९८८ ची पहिली शताब्दी एक्स्प्रेस दिल्लीहून ग्वाल्हेरमार्गे झाशीला जायची, हाही योगायोग नव्हे.

नेमकं याच दशकात, याच राज्यात, याच नियमाने दुसरी एक वसाहत वाढत होती. इंदूरच्या हद्दीबाहेर, धार या मागास जिल्ह्यात, पिथमपूर. तिथेही शहर एका जिल्ह्यात आणि कारखाने शेजारच्या. कायनेटिक होंडाच्या स्कूटर तिथे झाल्या, पुण्याची बजाज टेम्पो तिथे गेली, आयशरचे ट्रक तिथे निघाले. आज पिथमपूर देशातल्या वाहनउद्योगाच्या ठळक केंद्रांपैकी एक आहे, तिथे विशेष आर्थिक क्षेत्र आहे, वाहनं तपासायचा मोठा ट्रॅक आहे. २०११ च्या जनगणनेत इंदूर वीस लाखांच्या घरात होतं, ग्वाल्हेर साडेदहा लाखांच्या आसपास.

फरक कशाने पडला? इंदूरला मुंबई जवळ, बंदरं जवळ, व्यापाऱ्यांचा जुना पैसा, हे सगळं आहेच. माझ्या मते मात्र खरं उत्तर त्या कारखान्यांच्या यादीतच आहे. ट्रक, स्कूटर, टेम्पो यांना एकच ओतकाम, एकच रबरी भाग, एकच स्प्रिंग, एकाच तऱ्हेचा टर्नर-फिटर लागतो. एक मोठा कारखाना आला की दहा छोटे पुरवठादार येतात, आणि दहा पुरवठादार बघून दुसरा मोठा येतो. मालनपूरला चॉकलेट, साबण, टायरचा धागा, दिवे आणि टीव्हीची नळी होती. प्रत्येक कारखाना आपल्या जागी उत्तम चालला, पण शेजाऱ्याकडून विकत घेण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. कच्चा माल ट्रकने बाहेरून आला, पक्का माल ट्रकने बाहेर गेला. सवलतीने जागा भरल्या, बाजार तयार झाला नाही. गंमत म्हणजे बिर्लानगरात ही साखळी एकदा तयार झाली होती. ती अनुदान देऊन कुणी केली नव्हती, एका मालकाच्या सोयीने आपोआप झाली होती, आणि मालकाबरोबरच गेली.

केंद्राचं भांडवली अनुदान सप्टेंबर १९८८ मध्ये संपलं. विक्रीकरमाफीवरून राज्याराज्यांत अशी चढाओढ लागली की शेवटी सगळ्या अर्थमंत्र्यांनी बसून १ जानेवारी २००० पासून ती थांबवायचं ठरवलं. म्हणजे सगळे सारखे. पण २००३ च्या जानेवारीत केंद्राने उत्तराखंड आणि हिमाचलला स्वतंत्र पॅकेज दिलं. नव्या कारखान्याला दहा वर्षं अबकारी कर माफ, पाच वर्षं प्राप्तिकर पूर्ण माफ. बद्दी, हरिद्वार, रुद्रपूर बघता बघता भरली. मालनपूरला असलेल्या गोदरेज आणि कॅडबरीने नवे कारखाने टाकले ते बद्दीला. त्यांनी मालनपूर बंद केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण ज्या वाढीची वाट मालनपूर बघत होतं ती डोंगरात गेली. २००४ मध्ये थायलंडशी झालेल्या करारात रंगीत पिक्चर ट्यूबवरची जकात उतरली. देशातले ट्यूब बनवणारे आधीच सपाट पडद्याच्या टीव्हीने धास्तावले होते, त्यांच्यावर हा दुसरा घाव. हॉटलाइन टिकली नाही. बँकॉकशी झालेला करार भिंड जिल्ह्यातल्या पाळीवर उतरतो आणि त्या पाळीतल्या माणसाला तो करार कधी झाला हेही माहीत नसतं.

याउलट ज्याला कुणी उद्योगधोरण म्हणालं नाही अशी एक गुंतवणूक अजून फळं देते आहे. १९६० मध्ये गांधीसागर आणि कोटा बॅरेज पूर्ण झालं आणि चंबळचा उजवा कालवा श्योपुर, मुरैना, भिंडपर्यंत पाणी घेऊन आला. हिवाळ्यात हा सगळा मुलूख पिवळा होतो. मोहरी! ऐंशीच्या दशकात केंद्राने तेलबियांची मोहीम हाती घेतली तेव्हा इथे पाणी आणि जमीन तयारच होती. मुरैन्याच्या तेलगिरण्या त्यावर उभ्या आहेत. मोहरी बद्दीला नेऊन गाळायची म्हटलं तर परवडत नाही, म्हणून ती गेली नाही. इथल्याच तिळाच्या गजकला आणि ग्वाल्हेरच्या गालिच्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातून किती विक्री वाढते ते कळायला वेळ लागेल, पण निदान ही वस्तू पत्ता बदलू शकत नाही.

दिल्लीची गर्दी पांगवण्यासाठी १९८९ च्या आराखड्यात ज्या पाच शहरांची निवड झाली त्यांत हिसार, बरेली, कोटा, पटियाला यांच्याबरोबर ग्वाल्हेर होतं. त्यासाठी १९९२ मध्ये साडा नावाचं प्राधिकरण झालं, तिघ्र्याच्या बाजूला नवं ग्वाल्हेर आखलं गेलं, रस्ते झाले, भूखंड विकले गेले. माणसं राहायला आली नाहीत. रोजगाराआधी घरं बांधली की असं होतं, एवढंच म्हणून पुढे जाऊ.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठात विभागीय उद्योग परिषद भरली. सुमारे आठ हजार कोटींचे प्रस्ताव आल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यात अदानी समूहाचे गुनाला सिमेंट आणि शिवपुरीला संरक्षण साहित्य असे दोन मोठे प्रस्ताव होते. अशा आकड्यांना साखरपुड्याच्या बोलण्यांइतकंच महत्त्व द्यावं. संसार सुरू झाला की नाही ते वेगळं बघायला लागतं. मी यादी वाचताना रकमेपेक्षा दोन गोष्टी शोधतो. हा कारखाना जवळपासच्या कुणाकडून काही विकत घेणार आहे का, आणि सवलतीची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तो इथे राहण्याचं कारण काय असेल. मुख्य रस्त्यांचं काम त्यामानाने ठोस आहे. आग्रा-ग्वाल्हेर अठ्ठ्याऐंशी किलोमीटरच्या सहापदरी मार्गाला त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने मंजुरी दिली. चंबळच्या काठाने जायच्या द्रुतगती मार्गाचं मात्र आजवर नामांतरच जास्त झालं.

धोरण आणि धंदा यांचं नातं उघड्यावर बघायचं असेल तर जानेवारीत व्यापार मेळ्यात जावं. शंभरेक एकरांचं मैदान, पक्की दुकानं, भेळ, पाळणे, आणि यात सगळ्यात जास्त उलाढाल कशाची? मोटारींची. मेळ्यात घेतलेल्या वाहनावर राज्य सरकार रस्ताकर निम्मा माफ करतं. समजा कर दहा टक्के असेल, तर वीस लाखांच्या गाडीवर दोन लाखांऐवजी एक लाख भरायचा. अट अशी की गाडीची कायम नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत व्हायला हवी. म्हणून इंदूर-भोपाळच्या रस्त्यांवर एमपी ०७ च्या गाड्या दिसतात आणि बाहेरचे विक्रेतेही इथे दुकान मांडायला येतात. मधली काही वर्षं ही सूट काढून घेतली होती, मग पुन्हा दिली.

विक्रेत्यांना विचाराल तर मेळा म्हणजे दिवाळी. पण हिशेब जरा बारकाईने करावा लागतो. निम्मा कर माफ होणार हे माहीत असलेलं गिऱ्हाईक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाडी घेत नाही, थांबतं. म्हणजे मेळ्यातल्या विक्रीचा एक हिस्सा आधीच्या महिन्यांतून उचललेला असतो, दुसरा हिस्सा शेजारच्या शहरांतून. खरोखर नवी, सूट नसती तर झालीच नसती अशी विक्री किती, हे मैदानावरच्या गर्दीवरून कळत नाही. आणि सूट कधी जाहीर होणार यावर सगळं अवलंबून. मंत्रिमंडळाचा निर्णय लांबला की मेळा सुरू असूनही गाड्या उभ्याच राहतात, गिऱ्हाईक फक्त भाव विचारून जातं.

२०२४ मध्ये तीच निम्म्या कराची सूट उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यालाही मिळाली. मुख्यमंत्री मोहन यादव उज्जैनचे आहेत. इंदूरहून उज्जैन पंचावन्न किलोमीटर, ग्वाल्हेर त्याच्या नऊपट लांब. इंदूरच्या गिऱ्हाइकाला आता एमपी १३ ची पाटी पुरते. ग्वाल्हेरच्या विक्रेत्यांना यापुढे आग्रा, झाशी, मुरैना, भिंडकडे जास्त लक्ष द्यावं लागणार आहे, आणि त्यांतली पहिली दोन शहरं उत्तर प्रदेशात असल्यामुळे तिथल्या गाडीवर ही सूट चालतच नाही.